भिंतीकडची बाजू

रबरी माणूस कितीतरी महिने कुलूपबंद खोलीत उताणा पडून होता. उंदरांनी त्याची एक टाच कुरतडली. त्याला नाव नव्हतं, केस डोक्यावर रंगवलेले होते आणि तोंड कायम उघडं, काहीतरी सांगता सांगता राहून गेल्यासारखं.

*

मोठी म्हैस पाठीवर हात ठेवल्याशिवाय पान्हा सोडत नाही. हात कुणाचाही चालतो.

*

"माझा आवाज येतोय का? कुणीतरी बोला गं. का मी एकटीच बडबडतेय?"

*

पांढरे बूट. धान्याच्या कोठीत, कागदात गुंडाळून ठेवलेले. बाहेर काढले तेव्हा वरून नवेकोरे होते. तळ सुटायला आला होता, पण कुणी उलटे करून पाहिले नाहीत.

*

खिडकीच्या गजाला जुन्या ओढणीच्या चिंधीनं बांधलेला फोन. फोनमध्ये चौकोन. प्रत्येक चौकोनात एक मुलगी, तिच्यामागे तिच्या घराची भिंत. एक चौकोन काळा.

*

एका माणसाचा उजवा हात. कुणीतरी त्याच्या छातीवर ठेवला आणि न्यायचं विसरून गेलं, असा.

*

निरोप आला तेव्हा धाकटी गोठ्यात वैरण तोडत होती. तिनं कोयता खाली ठेवला, हात कमरेला पुसले, निरोप वाचला आणि फोन परत खोचला. मग पुन्हा काढून वाचला.

"काय गं?" आई म्हशीच्या पलीकडून म्हणाली.

"सोमवारपासून कॉलेज. तिथं जाऊन."

"मग आत्तापर्यंत चाललं होतं ते काय होतं?"

धाकटी पुन्हा वैरण तोडायला लागली. नर्सिंगला नाव घातलं, गणवेश शिवून आला, चार दिवस ती गेलीही. तोंडाला फडकं बांधून गेली, तोंडाला फडकं बांधलेल्या मुलींमध्ये बसली. मग साथ वाढली, कॉलेजला कुलूप लागलं आणि वर्ग फोनवर आले. त्याच उन्हाळ्यात तिच्या बाबांच्या अंगावरून वारं गेलं. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. आसपास सगळे मिस्त्रीच म्हणायचे. एका दुपारी दोराला धरून विहिरीतून वर आले, कठड्याला टेकून बसले, आणि बसलेले उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. विहिरीच्या तळातून हाक मारली तर रस्त्यावरचा माणूस थांबायचा, असा आवाज होता.

"आणि यांचं कोण बघणार?" आईनं विचारलं. रागानं नाही, भांड्यात दूध किती झालंय ते बघत.

"संध्याकाळच्या बसनं येईन ना परत. सकाळची कूस मी बदलून जाईन. दुपारची तुम्ही दोघींनी करायची. शिकवते तुम्हाला."

"वहिनीला जमेल?"

"मला काय झालंय न जमायला?" वहिनी दारातून म्हणाली. धाकटीचा भाऊ कापणीच्या यंत्रावर ड्रायव्हर होता, महिना महिना बाहेर असायचा. घरात राहिल्या तिघी, वहिनीच्या कडेवरचं पोर, आणि कॉटवर एक. "तुमचा लेक एवढा जड आहे, तो सांभाळते की."

आई हसली नाही, पण भांडं खाली ठेवताना तिच्या गालाला एक घडी पडली.

*

पावसाचं नाव नव्हतं. वारा तापलेला यायचा आणि पत्र्यावर धूळ टाकून जायचा. दूध निम्म्यावर आलं होतं. बाबांची पाठ मात्र कोरडी होती, सबंध होती. पाठीवर एक जखम नाही, हे बघायला शेजारच्या बायका येऊन गेल्या होत्या. चादर वर करून त्यांनी पाहिलं होतं आणि एक म्हणाली होती, "पोरीनं बापाचं सोनं केलं." धाकटी ते ऐकून चुलीकडे गेली होती, तोंड लपवायला.

तिला एवढी एकच गोष्ट येत होती असं तिला वाटायचं. बाकी अभ्यास फोनवर यायचा तसा यायचा, तुटत, घरघरत. पण कूस बदलायचा धडा तिनं बाबांवर केला होता. ट्यूटर मॅडम त्या दिवशी आपल्या घरच्या पलंगावर भाच्याला आडवं करून दाखवत होत्या. मॅडम वाकल्या, त्यांचा हात भाच्याच्या दंडापाशी आला आणि चित्र थिजलं. आवाज गेला. पडद्यावर नुसता हात दंडावर. धाकटी बघत राहिली. चित्र परत हललं तेव्हा भाचा कुशीवर वळलेला होता आणि मॅडम उशी लावत होत्या.

मधलं तिनं आपल्या मनानं जुळवून घेतलं.

रविवारी तिनं आईला आणि वहिनीला कॉटपाशी उभं केलं. कॉट खिडकीखाली, भिंतीला चिकटून. बाबांची लुळी बाजू भिंतीकडे, चांगली बाजू बाहेर.

"हे बघा. आधी सांगायचं. ऐकू येतं त्यांना सगळं. बाबा, कूस बदलते हं. मग असं वाकायचं, पलीकडचा हात दंडाला धरायचा, आणि एक, दोन, तीन. आपल्याकडे."

ती मागं झुकली. बाबांचं अंग तिच्याकडे वळलं, जड, उशिरा, ओल्या पोत्यासारखं. त्यांच्या घशातून आवाज आला, "हुं…"

"हा आवाज येतोच," धाकटी म्हणाली. "जोर पडतो ना, त्याचा."

मग आईनं केलं. मग वहिनीनं. दोन्ही वेळा आवाज आला. तिघींनी तो ऐकला आणि बरोबर जमलं असं समजल्या.

*

सोमवारी बसमध्ये तिला खिडकी मिळाली नाही. दुधाच्या कॅनना टेकून ती उभी राहिली. गणवेशाला वास लागू नये म्हणून अंग चोरत होती, आणि वास तिच्या केसांनाच होता हे तिला माहीत होतं.

कॉलेजच्या फाटकात मुलींचे घोळके होते. शहरातल्या मुली बंदच्या काळातही एकमेकींकडे जात असणार. त्यांच्या बोलण्यात मागचे धागे होते. वसतिगृहातल्या दोन दिवस आधीच येऊन एकमेकींच्या झाल्या होत्या. धाकटी नळापाशी गेली. तहान नव्हती, तरी पाणी प्यायली. पाणी पिणाऱ्या माणसाला तू इथं का उभी आहेस असं कुणी विचारत नाही.

वर्गात ती मागच्या बाकावर बसली.

"इथं कुणीतरी आहे," शेजारची म्हणाली आणि बाकावर पिशवी ठेवली.

ती एक बाक मागं सरकली. सरकताना उजव्या बुटाचा तळ पुढून उघडला. तिनं पाय बाकाखाली घेतला आणि अंगठ्यानं तळ दाबून धरला. दिवसभर ती तसाच पाय दाबून चालणार होती.

मॅडम आत आल्या आणि सगळा वर्ग एकदम गप्प झाला, कारण मॅडम फारच बुटक्या निघाल्या. पहिल्या चार दिवसांत त्या वर्गावर आल्याच नव्हत्या, आणि फोनमध्ये कायम बसलेल्या किंवा वाकलेल्या असायच्या. कुणीतरी तोंड दाबून खिदळलं.

"हसून घ्या," मॅडम म्हणाल्या. "मलाही तुम्ही सगळ्या एवढ्या उंच असाल असं वाटलं नव्हतं. फोनमध्ये तुम्हाला पाय नव्हते."

हजेरी सुरू झाली. क्रमांक यायचा आणि हात वर व्हायचा. धाकटीचा क्रमांक आला, ती म्हणाली, "हजर." मॅडमनी पुन्हा क्रमांक घेतला. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा पुढच्या बाकावरची जाडसर मुलगी मागं वळली. हिला सगळा वर्ग ओळखत होता. हिचा माइक कधी बंद नसायचा. हिच्या घरातला कुकर, हिचा भांडखोर पोपट, हिच्या आजीच्या शिव्या सगळ्यांनी ऐकल्या होत्या. हिला रेडिओ म्हणायचे.

"मॅडम, हजर आहे ती," रेडिओ म्हणाली. "थांब. तू म्यूट ना? काळा चौकोन?"

वर्ग मागं वळला.

"आम्ही पैज लावली होती गं," रेडिओ म्हणाली, "की तू नाहीसच. फोन चालू ठेवून कुठंतरी फिरत असशील."

"होते मी," धाकटी म्हणाली.

"मग कॅमेरा का नाही लावायचीस?"

तिच्यामागे कॉट असायची. कॉटवर बाबा, कधी अंगावर नुसतं फडकं. हे कसं सांगायचं. "रेंज नव्हती," ती म्हणाली. तेही खरंच होतं.

मॅडम पुढच्या क्रमांकाकडे गेल्या. दिवसभर तिला तीन-चार जणींनी येऊन पाहिलं, एखादं हरवलेलं भांडं सापडल्यावर पाहतात तसं, आणि जिथल्या तिथं ठेवून दिलं.

*

असे काही दिवस गेले. सकाळी ती बाबांची कूस बदलायची, बस धरायची, मागच्या बाकावर बसायची, परत येऊन वैरण टाकायची. घरी ती निम्मी होती आणि वर्गात निम्मीच. आई एकदा म्हणाली, "आता तू आलीस की पाहुणी आल्यासारखं वाटतं." म्हणाली ती सहज, भाजी चिरताना. वर्गात तिच्याकडे कुणी पाहुणी म्हणूनही बघत नव्हतं. तिला वाटायचं, हात उपयोगी पडतील असं काही निघालं तर बरं होईल.

मग ते निघालं. मॅडमनी कुलूपबंद खोली उघडली.

खोलीत मधोमध लोखंडी पलंग आणि पलंगावर रबरी माणूस. मुली भोवती उभ्या राहिल्या. मॅडम म्हणाल्या, "याला अर्धांगवायू झालाय. उजवी बाजू लुळी. कूस कोण बदलेल?"

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. फोनमध्ये बघितलेलं प्रत्येकीला आठवत होतं आणि हात मात्र कुणाचे पुढे येत नव्हते. रेडिओ म्हणाली, "मॅडम, हा बघतोय माझ्याकडे," आणि मागं सरली.

धाकटी पुढे झाली. आल्यापासून पहिल्यांदा बुटाचा विसर पडून पुढे झाली. तळ फरशीवर चटचट वाजला. ती थेट पलंगाच्या डाव्या अंगाला गेली, कुणी न सांगता, आणि वाकली.

"बाबा, कूस बदलते हं," ती म्हणाली.

खोली हसली. हसू वाईट नव्हतं, पण ते तिच्या पाठीवर पडलं. आता थांबणं तिला जमलं नाही. तिनं पलीकडचा हात दंडाला धरला, एक, दोन, तीन, आणि मागं झुकली.

हात तिच्या हातात आला. खांद्याचं रबर बंद खोलीत कुजून गेलं होतं. सबंध हात खांद्यापासून निघून तिच्या मुठीत राहिला, आणि रबरी माणूस होता तसाच उताणा, तोंड उघडं.

आता मुली खरंच हसल्या. एकीनं तर भिंतीला डोकं टेकलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या पलंगाला वळसा घालून तिच्यापाशी आल्या.

"रबर होतं म्हणून हात सुटला," त्या म्हणाल्या. "माणूस असता तर हात राहिला असता आणि आतला सांधा सुटला असता. लुळ्या हाताला धरून कधी ओढायचं नाही. तिथं धरून ठेवायला ताकदच नसते, नुसत्या कातडीवर आणि शिरांवर लोंबत असतो तो. आणि अशा माणसाची वाचा गेलेली असेल तर तो तुम्हाला सांगणारही नाही. नुसता कण्हेल."

धाकटी हात धरून उभी होती.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच, मॅडम."

ती हळू बोलली, पण सगळ्यांनी ऐकलं. हसू थांबलं. ती पुढे म्हणाली, "तुमचा हात दंडावर आला आणि चित्र अडकलं. परत आलं तेव्हा झालेलं होतं."

मॅडमनी तिच्या हातातून रबरी हात घेतला. तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी काखेत धरला.

"मी दंडावरून हात पुढे नेत होते," त्या म्हणाल्या. "खांद्यामागे. पाठीच्या पात्याला." मग काखेतला हात सावरून म्हणाल्या, "दुबळ्या बाजूला उभं राहायचं असतं. त्याचा हात त्याच्याच छातीवर नीट ठेवायचा, एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे."

"ती बाजू भिंतीला आहे, मॅडम."

"कुठली भिंत?" एक मुलगी म्हणाली. पलंगाच्या चारी बाजूंना मुली होत्या.

"कोण आहे घरी?" मॅडमनी विचारलं.

"बाबा."

मॅडमनी बाकीचं विचारलं नाही. त्या वर्गाकडे वळल्या. "आणखी कुणाकुणाचं चित्र अडकलं होतं?"

मग रेडिओनं हात वर केला. "माझ्याकडे तर सबंध तास ते गोल चक्र फिरत होतं. मी हो मॅडम, हो मॅडम म्हणत होते." मग तिच्या मागचीनं हात वर केला. मग पिशवीवालीनं. थोड्या वेळानं खोलीत खाली असलेले हात मोजकेच होते.

"उद्यापासून पहिल्या धड्यापासून," मॅडम म्हणाल्या. मग धाकटीकडे वळून, हळू, "आज घरी जाऊन आधी खांदा बघ. खाली उशी ठेव, हात लोंबू देऊ नकोस. डॉक्टरला दाखवा. आणि उद्या ये."

*

ती नळापाशी जाऊन बसली. वर आलेले एवढे हात तिच्या काही उपयोगाचे नव्हते. त्यांच्याकडे चित्र अडकलं होतं, इतकंच. त्यांनी कुणाला ओढलं नव्हतं.

तिला बाबांचा आवाज ऐकू येत होता. सकाळी एकदा. दुपारी एकदा. संध्याकाळी. पाठीवर जखम नाही म्हणून बघायला आलेल्या बायकांसमोर सुद्धा तिनं त्यांना ओढून दाखवलं होतं.

रेडिओ आली. आली ती बोलतच. "चपलेला डिंक लावतात तो देऊ का? माझ्याकडे आहे. तुझा बूट कधीपासून बोलतोय, माझ्यापेक्षा जास्त." मग खाली बसली. "किती दिवस झाले बाबांना?"

"फोनवर वर्ग सुरू झाले तेव्हापासून."

"म्हणून कॅमेरा बंद."

"हं."

रेडिओनं नळ पिळून बंद केला. तो ठिबकतच राहिला. मग ती म्हणाली, "मी उशीवर शिकले. आजीची जुनी उशी. तिला बाबा म्हणावं असं काही मला सुचलं नाही. उशी काय बोलणार."

"बाबाही बोलत नाहीत," धाकटी म्हणाली. आणि मग तिला रडू आलं. हुंदका नाही, नाकातून पाणी, तोंड वाकडं, लहान पोरासारखं. रेडिओनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवलेलाच राहू दिला.

"मी उद्यापासून येत नाही," धाकटी म्हणाली. "मी कुणाला हात लावायच्या लायकीची नाही."

"बरं."

"खरंच नाही येणार."

"बरं म्हटलं ना. पण मॅडमनी आत्ता जोड्या लावल्या. माझी तुझ्याशी लावलीय. तू नाही आलीस तर मला कोण उलटवणार? माझं वजन बघितलंस का? दुसरी कुणी तयार होणार नाही." ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन सरळ उताणी झाली, गणवेशासकट, येणारे जाणारे बघत असताना. "उजवी बाजू लुळी. घरी जायच्या आधी एकदा करून जा."

"लोक बघतायत."

"मी लुळी आहे, मला काय त्याचं?"

धाकटी उठली. बाक व्हरांड्याच्या मधोमध होता. दोन्ही बाजूंनी जागा होती. ती उजव्या अंगाला उभी राहिली आणि तिला कळेना हात कुठून सुरू करायचे. तिच्या हातांना दुसरी बाजू माहीत होती. तिनं रेडिओचा हात छातीवर ठेवला. एक तळवा खांद्यामागे घातला. पात्याचं हाड तळव्यात बसलं, वाटीसारखं. दुसरा कमरेमागे. ढकललं, आणि रेडिओ पलीकडे कुशीवर गेली.

"दुखलं?"

"नाही," रेडिओ भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "आता आधीसारखं कर. हात ओढून."

"नको."

"कर गं. कळू दे मला."

धाकटीनं केलं नाही. तिनं रेडिओला उठवलं, स्वतः बाकावर आडवी झाली आणि म्हणाली, "तू कर. मला."

तिनं उजवा हात ढिला सोडला, अगदी ढिला, बाबांचा असायचा तसा. रेडिओनं दंड धरला आणि मागं झुकली. अर्ध्यावर धाकटीच्या घशातून आवाज आला. तो काढायचा तिनं ठरवला नव्हता. दोघींनी तो ऐकला. रेडिओनं हात लगेच सोडला.

*

घरी पोचली तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि आई कॉटपाशी वाकलेली होती. आईचा हात बाबांच्या दंडावर होता.

"आई, थांब."

"का गं? एवढी कूस बदलते आणि…"

"हात सोड."

आईनं हात सोडला. धाकटी पिशवी न काढता वाकली आणि बाबांच्या सदऱ्याची गुंडी काढली. खांद्याच्या टोकाखाली तिनं बोट ठेवलं. तिथं हाड असायला हवं होतं. तिथं खळगा होता. बोट आत बसलं. तिनं हे रोज पुसलं होतं, ओल्या फडक्यानं, काखेपर्यंत. तिला दिसलं नव्हतं.

बाबा तिच्याकडे बघत होते.

"मी दुखवत होते यांना," ती म्हणाली. "असं ओढायचं नसतं. तो आवाज जोराचा नव्हता. दुखण्याचा होता."

वहिनी दारात आली, हातात पोर. आईनं खांद्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. तो हात तिनं लुगड्याला पुसला, काही लागलेलं नसताना.

"मीही ओढलं की," आई म्हणाली. "दुपारीच ओढलं. तुझं बघून."

"माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे तो माणूस उताणा कुजला नाही, हेही आहे." हे आईनं धीर द्यायला म्हटलं नाही, भाव सांगावा तसं म्हटलं. "आता काय करायचं ते सांग. बसून राहू नकोस. बसलीस तर मीही बसेन, मग झालं."

"कॉट ओढू. भिंतीपासून."

वहिनीनं पोर खाली ठेवलं. तिघींनी कॉट धरली. ती हलली नाही. पायांखाली जमिनीत खळगे पडले होते आणि पाय त्यात रुतून बसले होते. धाकटीनं गोठ्यातून पहार आणली, एकेक पाय उचकटला. बाबा कॉटवर हलत होते, डोळे छताला. कॉट जागेवरून निघाली तेव्हा भिंतीवर त्यांच्या डोक्याचा तेलकट डाग दिसला, खाली केरसुणी न पोचलेली धूळ, आणि एक चमचा. तो शेजारणीनं नेला म्हणून वहिनीनं तिच्याशी अबोला धरला होता. वहिनीनं चमचा उचलून कमरेला खोचला.

"इतके दिवस भिंतीला कशाला ठेवली होती ही?" ती म्हणाली.

धाकटी कॉट आणि भिंतीच्या मध्ये शिरली. पहिल्यांदाच ती या बाजूला होती. इथून बाबांचा चेहरा वेगळा दिसत होता. ओघळलेला गाल, मिटता न येणारा डोळा. हा चेहरा इतके दिवस भिंत बघत होती.

"बाबा, कूस बदलते हं," ती म्हणाली. "आई, तू समोर राहा. ओढायचं नाही. नुसतं घ्यायचं."

तिनं त्यांचा हात त्यांच्या छातीवर ठेवला. तळवा खांद्यामागे घातला. पातं तळव्यात आलं. दुसरा कमरेमागे. एक, दोन, तीन.

बाबा आईकडे वळले.

तिघी थांबल्या. आवाजाची वाट बघत. गोठ्यात म्हशीनं पाय बदलला. पत्रा तडतडला. आवाज आला नाही.

"झोपले का?" वहिनीनं विचारलं.

"नाही," आई म्हणाली. ती त्यांच्या समोर होती. तिला दिसत होतं. "जागे आहेत."

धाकटीनं पाठीला उशी लावली, हाताखाली दुसरी लावली. मग ती पलीकडून वळसा घालून आली आणि त्यांच्यासमोर खाली बसली. "माझं चुकलं, बाबा," ती म्हणाली. बाबांनी डावा हात उचलला. तिला वाटलं, आता तो डोक्यावर येईल. तो तिच्या गणवेशाच्या खांद्यावर आला, तिथं पिशवीचा पट्टा अजून तसाच होता. त्यांनी तो पट्टा दोन बोटांत धरला, तिच्या खांद्यावरून खाली सरकवला, आणि पिशवी जमिनीवर पडली.

*

सकाळी आई म्हणाली, "डॉक्टरकडे न्यायला गाडी सांगितलीय दुपारची. मी आणि वहिनी नेतो. तू जा."

"मी येते ना बरोबर."

"तिथं तुझी जोडी लागलीय म्हणालीस. एकीला ताटकळत ठेवतात का?"

ती गेली. बसमध्ये दुधाच्या कॅनना टेकून उभी राहिली. वर्गात पिशवीवालीनं पिशवी उचलून मांडीवर घेतली, पुढे बघत. धाकटी तिथं बसली. बाकाखाली तिचा उजवा पाय सरळ होता. रेडिओनं डिंक फार लावला होता आणि तो बुटाच्या कडेनं पिवळा वाळला होता.

क्रमांक आला.

"हजर," ती म्हणाली. जरा मोठ्यानंच गेलं.

"ऐकू आलं," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या क्रमांकाकडे गेल्या.

खोलीत रबरी माणसाचा हात चिकटपट्टीनं जोडून छातीवर बांधला होता. मुली पलंगाभोवती उभ्या राहिल्या. रेडिओ म्हणाली, "चल, म्यूट," आणि तिला उजव्या बाजूला जागा करून दिली.

कॉट भिंतीला धाकटीनंच सरकवली होती. आधी ती घराच्या मधोमध होती. फोनवर वर्ग सुरू झाले त्या आठवड्यात तिनं ती एकटीनं ओढत खिडकीखाली नेली, बाबांची कूस बदलता बदलता बघता यावं म्हणून. सबंध घरात रेंज त्या एका कोपऱ्यातच येत होती.